दोन वह्या, एक केंद्र

आजीची वही निळ्या पुठ्ठ्याची, शाळकरी. आजोबांची लाल कापडी बांधणीची, वाण्याच्या खतावणीसारखी लांबट. आजी म्हणजे आईची आई, नारायण पेठेतल्या वाड्यात भाड्याने राहणारी. आजोबा म्हणजे वडिलांचे वडील, पुरंदर तालुक्यातल्या एका लहान गावात प्राथमिक शाळेचे मास्तर. दोन घरांची सोयरीक झाली १९६८ साली. पण त्याच्या बारा वर्षं आधी, एकमेकांची नावंही ठाऊक नसताना, ही दोघं एकाच ठिकाणाहून येणारा आवाज ऐकत होती आणि ऐकून कागदावर उतरवत होती. तो आवाज होता पुण्याच्या आकाशवाणी केंद्राचा.

दोन्ही वह्या आता माझ्याकडे आहेत. गेल्या पावसाळ्यात ओल आली म्हणून कपाट रिकामं केलं, तेव्हा त्या शेजारी शेजारी पडल्या आणि तारखा जुळतायत हे पहिल्यांदा दिसलं. १९५६ चा फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल. इतकी वर्षं मी त्या दोन वेगळ्या घरांच्या वेगळ्या गोष्टी समजत होते.

पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ रोजी. त्याआधी पुणेकरांचा मराठी रेडिओ म्हणजे मुंबई, आणि मुंबईचं प्रक्षेपण तर थेट १९२७ सालापासूनचं. स्वतःचं केंद्र मिळालं तेव्हा पुणं अजून जुन्या मुंबई राज्यात होतं आणि पेठांमधल्या बहुतेक वाड्यांत रेडिओ असलाच तर एखादा असे. आजीच्या वाड्यातला रेडिओ मालकांकडे होता, वरच्या मजल्यावर. आजीचं बिऱ्हाड खाली. रेडिओ ऐकायचा तर जिन्यात उभं राहायचं, हा तिच्यापुरता ठरलेला रिवाज. मालकीणबाई वर बोलवायच्या, पण ती जायची नाही. "वर गेलं की बसावं लागतं, बसलं की बोलावं लागतं. मग ऐकणार कधी?" असं ती म्हणायची. जिन्याची सहावी पायरी तिची होती. तिथून आवाज स्वच्छ यायचा आणि स्वयंपाकघरातली चूलही दिसायची.

१ एप्रिल १९५५ चा शुक्रवार. रामनवमी. त्या सकाळी पावणेनऊला गीतरामायणाचं पहिलं गाणं लागलं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, आणि हे घडवून आणणारे पुणे केंद्रातले सीताकांत लाड. पहिल्या गाण्याचा कागद हरवला आणि माडगूळकरांनी ते पुन्हा लिहून दिलं, ही गोष्ट मराठी घरांत इतक्यांदा सांगून झाली आहे की मी ती सांगत नाही. मला सांगायचं आहे ते वेळापत्रकाबद्दल. गाणं शुक्रवारी लागायचं आणि तेच शनिवारी व रविवारी सकाळी पुन्हा ऐकवायचे. ज्या कोणी हे ठरवलं असेल, त्याला जिन्यात उभं राहून लिहिणारी बाई कळली होती असं मला वही पाहून वाटतं. कारण आजीची पद्धतच त्यावर उभी होती. शुक्रवारी जमेल तेवढं शिसपेन्सिलीने, मध्ये मोकळ्या जागा सोडत. शनिवारी त्या जागा भरायच्या. रविवारी सगळं ताडून पाहायचं, आणि मग दुपारी, भांडी झाल्यावर, दौत-टाक घेऊन पक्क्या अक्षरात उतरवायचं. वर्तमानपत्रांतही गाणी छापून यायची, पण वाड्यात पेपर हातोहात फिरायचा आणि आजीपर्यंत येताना त्यात कोणीतरी शेंगदाणे बांधलेले असायचे.

प्रत्येक गाण्याखाली तिने गायकाचं नाव लिहिलं आहे. माणिक वर्मा, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, बबनराव नावडीकर, राम फाटक, लता मंगेशकर. आज गीतरामायण म्हटलं की आपल्या कानात एकट्या बाबूजींचा आवाज येतो, कारण पुढे त्यांनी ते गावोगाव एकट्याने गायलं. पण रेडिओवर ते अनेकांच्या गळ्यांतून आलं होतं. पात्र बदललं की आवाज बदलायचा. दर शुक्रवारी आज कोण गाणार, ही उत्सुकता होतीच. आजी सांगायची की वरच्या मालकीणबाई गाणं लागण्याआधी रेडिओपाशी उदबत्ती लावायच्या आणि तिचा वास जिन्यात उतरायचा. पुण्यात तेव्हा अशी घरं बरीच होती, रेडिओला हार घालणारीसुद्धा.

मूळ बेत वर्षभराचा होता, म्हणजे आठवड्याला एक या हिशोबाने बावन्न गाणी. पण त्या वर्षी अधिक भाद्रपद आला. पंचांगात महिना वाढला म्हणून गाणी वाढली आणि छप्पन्न झाली. अधिक मासात लोक अनरसे, तीस-तीन जिन्नस वाण म्हणून देतात. पुणे केंद्राने चार गाणी दिली, असं आजीचं म्हणणं. मला ते फार आवडतं. सरकारी खात्याचं एक केंद्र तिथीच्या मागे चालत गेलं आणि पुढची रामनवमी येईपर्यंत थांबलं नाही.

तिच्या वहीत आकडे एक ते छप्पन्न आहेत. गाणी मात्र पंचावन्न. सदतिसावं पान कोरं आहे. वर फक्त आकडा, त्याला गोल केलेला. डिसेंबर उजाडला होता, तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, आणि मालकांच्या पुतणीचं लग्न कोल्हापूरला होतं. वरचा मजला शुक्रवार, शनिवार, रविवार तीनही दिवस कुलूपबंद.

आता लाल वहीकडे येते.

पुणे केंद्राचा इतिहास सांगायचा म्हटलं की बोलणारा गीतरामायणापाशी थांबतो. त्यात चूक काहीच नाही. पण त्याच इमारतीतून, गीतरामायणाचं आवर्तन संपत आलं असताना, एक दुसरी गोष्ट चालू झाली होती, आणि ती पुण्याच्या पेठांना जवळपास माहीतच नाही. युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने १९५६ साली ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं. आठवड्याला दोन कार्यक्रम, प्रत्येक अर्ध्या तासाचा, असे एकूण वीस. गावात वीसेक माणसांचं मंडळ करायचं, संध्याकाळी रेडिओभोवती बसायचं, कार्यक्रम ऐकायचा, रेडिओ बंद करायचा आणि मग त्यावर आपसांत बोलायचं. जे बोलणं झालं, जे प्रश्न निघाले, ते मंडळाच्या निमंत्रकाने लिहून पुण्याला पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमांत त्यांतल्या प्रश्नांना उत्तरं मिळायची. ऐका, चर्चा करा, कृती करा, असं त्याचं सूत्र.

आमच्या गावच्या मंडळाचे निमंत्रक आजोबा. लिहिता येणारा आणि संध्याकाळी मोकळा असणारा माणूस गावात दुसरा नव्हता. लाल वही म्हणजे त्यांनी पाठवलेल्या अहवालांच्या नकला. कार्बन त्यांच्याकडे नसावा, कारण प्रत्येक अहवाल हाताने पुन्हा लिहिलेला आहे, "मा. केंद्र संचालक, आकाशवाणी, पुणे यांस" पासून "आपला विश्वासू" पर्यंत.

डोंगरापलीकडच्या त्या गावात पुणं ऐकू कसं यायचं, हे मी लहानपणी त्यांना विचारलं होतं. मधे दिवेघाट आहे, मग आवाज घाट चढून येतो का? ते हसले नाहीत. त्यांनी पाटीवर काढून दाखवलं. मध्यम लहरी जमिनीला धरून पसरतात, टेकडी आली तरी तिला वळसा घालून खाली उतरतात. रात्री त्या वर आभाळातूनही परत फिरतात आणि म्हणून रात्री लांबची, न मागितलेली केंद्रं मधे लुडबुडतात. पुढे मोठेपणी एफएमचं प्रक्षेपण घाट ओलांडला की कसं विरतं ते अनुभवलं, तेव्हा ती पाटी आठवली. स्टुडिओ शिवाजीनगरला आणि मनोरे हडपसरला, हेही तेव्हाच कळलं. हडपसरच्या बाजूला आजही आकाशवाणी नावाचा बसथांबा आहे, आणि रेडिओवर बोलायला निघालेली नवखी माणसं चुकून तिथे उतरल्याच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत.

लाल वहीत शिरलं की अधिकृत भाषा फार वेळ टिकत नाही. सुरुवातीला "मंडळाने असा ठराव केला की" असं वाक्य असतं आणि चार ओळींनी खाली, "येथे दोन गटांत बाचाबाची झाली, पण नंतर चहा झाला." खताच्या खड्ड्यावर झालेलं बोलणं दीड पान आहे. सहकारी सोसायटीवरचं तीन पानं, आणि त्यात चार जागी खाडाखोड आहे, म्हणजे काय पाठवावं आणि काय नाही यावर ते बराच वेळ बसले असणार. उपस्थितीची यादी प्रत्येक वेळी पूर्ण आहे. सगळ्या वाड्या-वस्त्यांवरची, वेगवेगळ्या जातींची नावं त्यात एका रांगेत आहेत, आणि १९५६ साली त्या चावडीवर ही माणसं एरवी एका रांगेत बसत नसत हे मला वडिलांकडून माहीत आहे. रेडिओ मधे ठेवल्यावर मात्र बसली. त्याचं मला अप्रूप आहे.

पण त्या यादीत एकही बाईचं नाव नाही. वीसही अहवाल मी ओळ न ओळ पाहिले. माझी दुसरी आजी, आजोबांची बायको, त्या संध्याकाळी चावडीपासून पन्नास पावलांवर घरी होती आणि चर्चा संपेपर्यंत जेवणं खोळंबायची म्हणून वैतागायची, एवढंच तिच्याबद्दल कळतं. तेही वहीतून नव्हे, आत्यांकडून. निळी वही हातात घेऊन लाल वही वाचली की हे फार टोचतं. जिन्यातल्या बाईचं ऐकणं इतकं बारीक होतं, आणि चावडीवर तिच्यासाठी जागाच नव्हती.

बारावा की तेरावा अहवाल आहे, ज्यात शेवटी विषय सोडून एक प्रश्न लिहिला आहे. गावच्या ओढ्याला पावसाळ्यात पूर येतो, मुलांची शाळा बुडते, साकव कधी होणार? शेजारी समासात आजोबांच्याच अक्षरात: "विषयाबाहेरचे आहे. तरी पाठवावे असे सर्वांचे मत पडले." आणि पुढच्या आठवड्याच्या पानावर, अहवाल सुरू होण्याआधीच, एक ओळ: "आज आपल्या गावाचे नाव रेडिओवर घेतले. प्रश्न योग्य त्या खात्याकडे पाठवला आहे असे सांगितले." त्याखाली त्यांनी रेघ ओढली आहे, पट्टीने.

साकव व्हायला पुढे कितीतरी वर्षं गेली. ती कागदपत्रांची गोष्ट वेगळी आहे आणि तिचा रेडिओशी संबंध नाही. पण वडील तेव्हा आठ वर्षांचे होते आणि गावाचं नाव रेडिओतून आलेलं त्यांनी स्वतः ऐकलं होतं. ते सांगायचे की त्या क्षणी चावडीवर कोणी काहीच बोललं नाही. एकाने फक्त उठून रेडिओवरची धूळ उपरण्याने पुसली.

या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली, पॉल न्यूरथ या अभ्यासकाच्या देखरेखीखाली. मंडळ असलेली गावं आणि नसलेली गावं, दोन्हीकडे आधी आणि नंतर माणसांना प्रश्न विचारले. जिथे बसून बोलणं झालं होतं, तिथे लोकांची माहिती स्पष्टपणे वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असण्याने तेवढा फरक पडत नव्हता. मंडळं बघता बघता निर्णय घेऊ लागली होती, विहिरी खणण्यापासून जातिवंत वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आणण्यापर्यंत, बालवाड्या काढण्यापर्यंत. १९५९ पासून हीच पद्धत देशभर नेण्यात आली. पुढे इतर देशांतही शेतीच्या रेडिओबद्दल बोलताना पुण्याच्या या दीडशे गावांचा दाखला दिला गेला. आमच्या गावातल्या आजच्या पोरांना मी हे सांगितलं तर ती माझ्याकडे नुसती बघत राहतात.

एका गोष्टीकडे मी पुन्हा पुन्हा येते. पुणे केंद्रात ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात त्या काळात व्यंकटेश माडगूळकर काम करत होते. धाकटे भाऊ. म्हणजे थोरल्या भावाची गाणी सकाळी पेठांमध्ये उदबत्तीच्या वासात ऐकली जात होती, आणि धाकट्याचा विभाग संध्याकाळी चावड्यांशी बोलत होता. माडगुळ्यासारख्या माणदेशातल्या कोरड्या गावातून आलेले हे दोघं. शहराला काय हवं आणि गावाला काय हवं, हे ओळखायला दिल्लीहून आलेलं परिपत्रक पुरलं नसतं. माझी तर खात्री आहे की त्या काळच्या पुणे केंद्राची मराठी एवढी सरळ आणि रसाळ होती, त्याचं कारण ती बोलणाऱ्यांच्या कानांवर आधी गावातलं बोलणं पडलेलं होतं.

पुढचं भराभर सांगते. जुलै १९६१ मध्ये पानशेत फुटलं. नारायण पेठेत पाणी शिरलं आणि आजीच्या खालच्या खोल्यांतलं सगळं गेलं. निळी वही मात्र त्या आठवड्यात वरच्या मजल्यावरची सून उतरवून घ्यायला घेऊन गेली होती, म्हणून राहिली. मग ट्रान्झिस्टर आले. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूरला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. त्याआधी हिंदी चित्रपटगीतांसाठी घरोघर रेडिओ सिलोन लावला जायचा. आता ती गाणी इथेच मिळू लागली आणि आमच्या आईची पिढी त्यांवर वाढली. रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन भरायचं, ते पुस्तक वडिलांनी जपून ठेवलं होतं. लायसन्स रद्द झाल्यावरही काही वर्षं ते फेकेनात.

माझं स्वतःचं केंद्र म्हणजे सकाळचं. पहाटेची ती संकेतधून, जी वॉल्टर कॉफमन नावाच्या, युरोपातून मुंबईला आश्रयाला आलेल्या संगीतकाराने बांधली असं सांगतात. मग अभंग, आणि सात वाजून पाच मिनिटांनी प्रादेशिक बातम्या. "आकाशवाणी, पुणे. सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या देत आहे." या वाक्यावर माझी वेणी झालेली असायला हवी, नाहीतर शाळेची बस चुकली. नरवणेबाईंचा आवाज कधी चढला नाही की पडला नाही. वाईट बातमीलाही त्या तितक्याच अंतरावरून, पण कोरडेपणा येऊ न देता बोलायच्या. आज चार माणसं एकाच वेळी ओरडताना बघितली की मला त्या संथ आवाजाची अतिशय आठवण येते.

नऊ वर्षांची असताना शाळेच्या गटाबरोबर मुलांच्या कार्यक्रमासाठी मी शिवाजीनगरच्या त्या इमारतीत गेले. काय म्हटलं ते आठवत नाही. आठवतं ते दार. जाडजूड, गादीसारखं. ते मागे लागलं आणि अचानक सगळं थांबलं. रस्ता नाही, पंखा नाही, कावळा नाही. भिंतींना बारीक बारीक भोकं होती आणि त्यांनी आवाज पिऊन टाकलेला. इतकी शांतता मी त्याआधी कधी ऐकलेली नव्हती. मला माझ्याच घशातला आवंढा ऐकू आला. निवेदिकाबाईंनी आमच्या हातांतले कागद सुटे करून दिले, टाचणी काढून घेतली आणि म्हणाल्या, "पान उलटायचं नाही, सरकवायचं. कागद वाजतो." मग काचेपलीकडचा लाल दिवा लागला. ती शांतता त्या कोणासाठी सांभाळत होत्या, ते मला आता, वह्या पाहिल्यावर कळतंय. जिन्यातल्या आजीसाठी. पान वाजलं असतं तर तिचा एक शब्द गेला असता.

जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा निर्णय झाल्याची बातमी आली. सर्व बाजूंनी विरोध झाला आणि निर्णय थांबवला गेला. मला त्या आठवड्यात खूप अस्वस्थ वाटलं. बातम्या कुठूनही वाचता येतात, हे मला समजतं. पण प्रश्न पाठवायचा पत्ता जवळचा लागतो. माझे आजोबा "आकाशवाणी, पुणे" असं लिहीत होते तेव्हा त्यांना ती इमारत डोळ्यांसमोर दिसत होती, ते एकदा एसटीने जाऊन बाहेरून पाहून आले होते.

हल्ली मी केंद्र दोन्हीकडे लावते. ओट्यावर जुना ट्रान्झिस्टर आणि आतल्या खोलीत फोन. फोनवरचा आवाज काही सेकंद मागे असतो, त्यामुळे स्वयंपाकघरात वाक्य संपतं तेव्हा आत ते सुरू होत असतं. एका खोलीतून दुसरीत जाताना तेच वाक्य पुन्हा भेटतं.

आणि ते कोरं पान. १९५७ साली गीतरामायण पुस्तकरूपाने आलं, पुढे आमच्या घरीही आलं. आईने कितीदा म्हटलं, "आई, आता तरी ते एक गाणं भरून टाक, वही पुरी होईल." आजी म्हणायची, "ऐकून लिहायची वही आहे ती." मी दहा-अकराची असेन. रामनवमीची सकाळ, आजी आमच्याकडे आलेली, सुंठवडा कुटून झालेला आणि ती परातीत पुऱ्यांची कणीक भिजवत बसलेली. रेडिओवर गाणं लागलं. पहिल्या ओळीलाच तिचे हात थांबले. मी आईकडे पाहिलं, आईने मान हलवली आणि मी धावत जाऊन ट्रंकेतून निळी वही काढून आणली, सदतिसावं पान उघडलं, पेन्सिल तिच्यासमोर धरली.

तिने कोपराने वही हळूच बाजूला सारली आणि ओठांवर पिठाचं बोट ठेवलं. गाणं संपेपर्यंत ती रेडिओकडे बघत होती, हात परातीत तसेच.